हवेवर चालणारें चाक : जॉन बॉइड डनलॉप यांचें अल्प चरित्र

नवरात्राच्या आरंभीं तुळजापूरहून देवीची ज्योत घेऊन तरुणांचीं पथकें आपापल्या गांवांकडे धांवत निघतात, हें दृश्य आपल्या धाराशिव जिल्ह्यांत कोणास अपरिचित नाहीं. ज्योत हातीं घेतलेला तरुण धांवत असतो, आणि त्याच्या मागेंपुढें सोबत्यांच्या मोटारसायकली संथ गतीनें चालतात. अशा एखाद्या मोटारसायकलीच्या चाकाकडे निरखून पाहिलें, तर अलीकडे क्वचित् एक हिरवें टोपण दृष्टीस पडतें. टायरमध्यें साधी हवा नसून नायट्रोजन वायु भरला आहे, याची ती खूण होय. साधी हवा पेट्रोल पंपावर बहुधा फुकट मिळते. नायट्रोजनास पैसे पडतात. ते पैसे सार्थकीं लागतात कीं नाहीं, असा प्रश्न विद्यार्थ्यांस पडतो, आणि पैसे ज्यांच्या खिशांतून जातात त्या पालकांस तर तो अधिकच पडत असेल. त्याचें उत्तर शोधावयाचें तर चाकांत हवा कोंडण्याची रीति ज्यांनीं जगांत रूढ केली, त्यांच्या चरित्रापासून आरंभ करणें बरें. ते कोणी यंत्रशास्त्रज्ञ नव्हते, कारखानदारही नव्हते. ते गुरांचे डॉक्टर होते.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यांत, ड्रेगहॉर्न या खेड्यांतील एका शेतावर झाला. पशुवैद्यकाच्या अभ्यासासाठीं ते एडिंबरो शहरीं गेले. विल्यम डिक नांवाच्या गृहस्थांनीं १८२३ सालीं तेथें स्थापिलेली पशुवैद्यक शाळा त्या काळीं नांवाजलेली होती. तेथील शिक्षण पुरें करून डनलॉप यांनीं सुमारें दहा वर्षें मायदेशींच गुराघोड्यांची चिकित्सा केली.

एडिंबरोचें नांव निघालें आहे, तर एक गोष्ट येथेंच सांगून टाकावी. डनलॉप यांच्या जन्मापूर्वीं अडुसष्ट वर्षें, म्हणजे १७७२ सालीं, त्याच शहरांत डॅनियल रदरफर्ड नांवाच्या एका तरुण वैद्यकविद्यार्थ्यानें आपल्या पदवीसाठीं निबंध सादर केला होता. कोंडलेल्या हवेंत श्वसन व ज्वलन होऊं देऊन, नंतर त्या हवेंतील कर्बाम्लवायु शोषून घेतला, तरीही हवेचा एक मोठा भाग शिल्लक राहतो. त्यांत दिवा विझतो आणि उंदीर जगत नाहीं, असें त्यानें दाखविलें. हाच तो नायट्रोजन. आपल्या जुन्या क्रमिक पुस्तकांतील नत्रवायु. रदरफर्ड पुढें त्याच विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. ज्या वायूचा शोध एडिंबरोस लागला, तोच वायु एडिंबरोस शिकलेल्या एका पशुवैद्याच्या चाकांत पुढें भरला जावयाचा होता, हा योगायोग कौतुकाचा खरा.

१८६७ सालीं डनलॉप आयर्लंडांत गेले. प्रथम डाउनपॅट्रिक या गांवीं आपले बंधु जेम्स यांच्यासह त्यांनीं पशुचिकित्सालय काढलें, आणि पुढें बेलफास्ट शहरांत आपलें बस्तान बसविलें. मध्यंतरीं १८७१ सालीं मार्गारेट स्टीव्हन्सन या स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस एक कन्या व एक पुत्र अशीं दोन अपत्यें झालीं. त्या काळीं शहरांतील सारी वाहतूक घोड्यांवर चाले. घोडा लंगडला कीं मालकाचा रोजगार बुडाला. त्यामुळें पशुवैद्याच्या दारीं गर्दी असे, आणि १८८० नंतरच्या दशकाच्या मध्यास डनलॉप यांचा व्यवसाय साऱ्या आयर्लंडांतील मोठ्या व्यवसायांपैकीं एक गणला जाऊं लागला. उस्मानाबादी शेळी ज्यांच्या दारीं बांधलेली आहे, त्यांस जनावरांच्या डॉक्टराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. या व्यवसायांत असतांना रबराच्या वस्तूंशीं डनलॉप यांचा परिचय झाला होता. रबर कसें कापावें, कसें चिकटवावें, तें किती ताणतें, याचें ज्ञान त्यांच्या बोटांत होतें.

तेव्हांच्या चाकांचा प्रकार कसा होता, हें आपल्या जिल्ह्यांतील मुलांस समजावून देणें सोपें आहे. लांकडी बैलगाडीच्या चाकास लोहार जी लोखंडी धांव तापवून चढवितो, ती ज्यानें पाहिली आहे, आणि अशा गाडींत बसून ज्यानें खडकाळ वाटेवर दोन कोस प्रवास केला आहे, त्याच्या हाडांस तें सारें ठाऊक असतें. सायकलींस त्या वेळीं भरीव रबराची पट्टी लावीत. ती धांवेहून थोडी बरी, एवढेंच. बेलफास्टचे रस्ते दगड बसवून केलेले होते. डनलॉप यांचा मुलगा जॉनी हा तेव्हां जेमतेम दहा वर्षांचा होता. त्यास एक तीनचाकी सायकल होती, आणि त्या दगडी रस्त्यांवर ती चालवितांना त्यास सारखे हिसके बसत. बापाच्या दृष्टीस ही गोष्ट पडली. कोणत्याही घरांतील बापाच्या दृष्टीस ती पडलीच असती. परंतु या बापाच्या हातीं रबर होतें.

१८८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत आपल्या घराच्या अंगणांत त्यांनीं प्रयोग मांडला. तीन फुटांहून थोड्या अधिक व्यासाची लांकडाची एक वाटोळी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी करून ती तबकडीच्या कडेभोंवतीं बसविली, तिच्यावर कापडाचें वेष्टन घालून तें पक्कें केलें, आणि फुटबॉल फुगविण्याच्या पंपानें नळींत हवा भरली. आजच्यासारखा व्हॉल्व्ह तेव्हां नव्हता. फुटबॉलच्या फुग्याप्रमाणेंच नळीचें तोंड बांधून टाकावें लागे. नंतर मुलाच्या सायकलीचें धातूचें चाक काढून त्यांनीं तें व हें नवें चाक अशीं दोन्हीं चाकें अंगणांतून बरोबरच घरंगळत सोडलीं. धातूचें चाक कांहीं अंतरावर जाऊन कलंडलें. हवेचें चाक मात्र तसेंच पुढें गेलें, फाटकाच्या खांबावर आदळलें आणि उसळी घेऊन मागें फिरलें.

सर्व चरित्रांत हा क्षण मला मोठा वाटतो. मुलाला हिसके बसूं नयेत एवढाच हेतु बापानें मनांत धरला होता. परंतु त्या चाकानें त्यास न विचारलेल्या प्रश्नाचेंही उत्तर दिलें. हवेचें चाक केवळ मऊ चालतें असें नव्हे, तर तें कमी श्रमांत अधिक दूर जातें. याचें कारण असें कीं, कठीण चाक खड्यावरून जातांना साऱ्या गाडीसह उचललें जातें, आणि त्या उचलण्यांत शक्ति वायां जाते. हवेचें चाक मात्र तो खडा क्षणभर आपल्या पोटांत घेतें. तेवढाच भाग दबतो, आंतली कोंडलेली हवा त्यास पुन्हां पूर्ववत् करते, आणि गाडी आहे त्याच पातळींत पुढें जाते.

डनलॉप यांनीं मग मुलाच्या सायकलीच्या मागील दोन्हीं चाकांस हवेच्या नळ्या बसविल्या. पुढें मोठ्या सायकलीच्या चाकांवरही प्रयोग करून पाहिले, आणि ७ डिसेंबर १८८८ रोजीं त्यांस या युक्तीचें पेटंट मिळालें. बेलफास्टमधील एडलिन यांच्या कारखान्यांत अशा चाकांच्या सायकली होऊं लागल्या. हीं जाडजूड चाकें पाहून लोक हंसत. तो हंशा फार दिवस टिकला नाहीं. विली ह्यूम हा बेलफास्टच्या एका सायकलमंडळाचा नायक होता; त्यानें तशी एक सायकल विकत घेतली होती. तीवर बसून शर्यतींत उतरावें, अशी सूचना डनलॉप यांनीं त्यास केली. १८ मे १८८९ रोजीं बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडामहोत्सवांत ह्यूम उतरला आणि सायकलींच्या चारही शर्यती त्यानें जिंकल्या. थोड्याच दिवसांनीं इंग्लंडांतील लिव्हरपूल येथें एक सोडून बाकीच्या सर्व शर्यतींत तो पहिला आला.

पराभूत झालेल्यांत डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यु क्रॉ यांचे पुत्र होते. आपल्या मुलांस हरविणारें चाक पाहून खट्टू न होतां या चाणाक्ष गृहस्थानें त्या चाकाचाच व्यापार करण्याचें ठरविलें. १८८९ सालींच डब्लिन येथें कंपनी उभी राहिली आणि डनलॉप यांच्या पेटंटाचे हक्क तिच्याकडे गेले.

येथवर सारें यशाचें वर्णन झालें. आतां जें सांगावयाचें तें तितकें सुखाचें नाहीं. पेटंट मिळून दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८९० सालीं, तें पेटंट टिकणारें नाहीं असें डनलॉप यांस सरकारी रीतीनें कळविण्यांत आलें. कारण हीच कल्पना दुसऱ्या एका स्कॉटिश मनुष्यानें पंचेचाळीस वर्षांपूर्वींच नोंदविलेली होती! त्याचें नांव रॉबर्ट विल्यम थॉमसन. स्टोनहेव्हन गांवच्या या थॉमसननें १८४५ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, हवा भरलेल्या चाकाचें पेटंट इंग्लंडांत घेतलें, व पाठोपाठ फ्रान्स आणि अमेरिका येथेंही घेतलें. लंडनच्या एका उद्यानांत घोडागाडीस तीं चाकें लावून त्यानें लोकांस दाखविलींही होतीं. परंतु त्या वेळीं रबर महाग होतें, सायकल जन्मासच आली नव्हती, आणि घोडागाडीच्या मालकांस इतका खर्च करण्याची गरज भासली नाहीं. चाक विसरलें गेलें. १८७३ सालीं थॉमसन वारले. डनलॉप यांस त्यांच्या चाकाची वार्ताही नव्हती.

तर मग शोध कोणाचा? आरंभाचा मान थॉमसन यांचा, हें निर्विवाद आहे, आणि तो त्यांस न देणें अन्यायाचें होईल. परंतु डनलॉप यांनीं तो चोरला असें कोणीही म्हटलेलें नाहीं. त्यांनीं तोच विचार पुन्हां स्वतंत्रपणें केला. तो अशा काळीं केला कीं सायकल त्याची वाट पाहत उभी होती, आणि तो सोडून न देतां शर्यतीच्या मैदानापर्यंत नेला. पेटंटाचा कायदा मात्र तारीख पाहतो. कंपनी बुडाली नाहीं, याचें श्रेय द्यु क्रॉ यांच्या धोरणास द्यावें लागेल. डनलॉप यांची नळी चाकास चिकटवून टाकलेली असे. कांटा मोडला तर दुरुस्तीस तासचे तास लागत. टायर सहज काढतां व घालतां येईल अशा युक्त्या वेल्च व बार्टलेट या दोघांनीं १८९० च्या सुमारास काढल्या होत्या. त्यांचे हक्क कंपनीनें विकत घेतले आणि त्यांवर ती तगली. सायकलीच्या ज्या व्हॉल्व्हांत वालट्यूब घालतात, त्या व्हॉल्व्हासही व्यापारांत डनलॉप यांचें नांव चिकटलें आहे. वस्तुतः तो वुड्स नांवाच्या दुसऱ्याच एका गृहस्थानें काढलेला आहे. नांवाची गंमत ही अशी असते.

१८९२ सालीं डनलॉप सहकुटुंब डब्लिनला राहावयास गेले. कंपनीच्या कारभारांत त्यांचें मन रमलें नाहीं, आणि १८९५ सालीं ते त्यांतून बाजूस झाले. पुढच्याच वर्षीं द्यु क्रॉ यांनीं सारा धंदा हूली नांवाच्या एका सट्टेवाल्या भांडवलदारास तीस लाख पौंडांस विकला, आणि त्यानें तोच धंदा जनतेस पन्नास लाख पौंडांस विकला. या अफाट उलाढालींतून डनलॉप यांस कांहीं मोठें धन लाभलें नाहीं. लांब दाढी असलेला त्यांचा चेहरा मात्र कंपनीची निशाणी म्हणून देशोदेशीं गेला. डब्लिनमधील एका कापडाच्या व्यवसायांत लक्ष घालून त्यांनीं उर्वरित आयुष्य शांतपणें काढलें. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, ते निवर्तले. डब्लिनजवळील डीन्स ग्रेंज येथील दफनभूमींत त्यांचें थडगें आहे.

त्यांच्या हयातींतच तें चाक सायकलीवरून मोटारीखालीं गेलें होतें. १८९४ सालीं जर्मनींतील म्यूनिक शहरीं हिल्डेब्रांड व वोल्फम्युलर यांनीं विक्रीसाठीं जी पहिली मोटारसायकल तयार केली, तीसही हवेचींच चाकें होतीं. हिंदुस्थानांत बंगालमधील साहागंज येथें १९३६ सालीं डनलॉप नांवाचा टायरचा कारखाना निघाला. तो पुढें बंद पडला. परंतु बैलगाडीची लोखंडी धांव जाऊन तीस टायर आले, तें बंद पडलें नाहीं. कळंब, भूम, वाशी या भागांतून साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची टायरगाडी पाहिली, म्हणजे त्या बेलफास्टच्या पशुवैद्यानें अखेर बैलाच्या खांद्यावरचें ओझेंही हलकें केलें, हें ध्यानीं येतें.

आतां हिरव्या टोपणाकडे वळूं. आपण जिला साधी हवा म्हणतों, तिच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. एकवीस भाग प्राणवायु, आणि बाकी किरकोळ वायु व पाण्याची वाफ. म्हणजे १८८७ सालीं डनलॉप यांनीं फुटबॉलच्या पंपानें नळींत जें भरलें, तेंही चार हिशांपैकीं तीन हिश्शांहून अधिक नायट्रोजनच होतें. मग शुद्ध नायट्रोजनानें अधिक काय साधतें? एक म्हणजे, प्राणवायु नायट्रोजनापेक्षां रबरांतून लवकर झिरपून जातो. म्हणून नायट्रोजनाचा टायर थोडा सावकाश उतरतो. अमेरिकेंतील एका ग्राहकपत्रिकेनें २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षेंत चौरस इंचास तीस पौंड दाबानें भरलेले मोटारींचे टायर वर्षभर ठेवून पाहिले. साध्या हवेचा दाब सरासरी साडेतीन पौंडांनीं उतरला, नायट्रोजनाचा दोन पौंडांहून थोडा अधिक. वर्षाकांठीं सव्वा पौंडाचा हा फरक आहे. दुसरें, सिलिंडरमधील किंवा यंत्रांतून काढलेला नायट्रोजन कोरडा असतो. साध्या पंपाच्या हवेबरोबर पाणी आंत जातें, आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन दाब कमीजास्त होतो. मात्र कोरडी हवा व कोरडा नायट्रोजन हे दोन्हीं उष्णतेनें सारखेच फुगतात. मे महिन्याच्या उन्हांत आपल्याकडील डांबरी रस्ता तापला, तर दर दहा अंशांस दीड पौंडाच्या आसपास दाब वाढावयाचा तो दोहोंतही वाढतोच. नायट्रोजन भरल्यानें टायर तापतच नाहीं, ही समजूत चुकीची आहे.

विमानाच्या चाकांची गोष्ट निराळी आहे. तेथें उतरतांना ब्रेक अत्यंत तापतात, आणि आंत प्राणवायु असेल तर टायर पेट घेऊन फुटूं शकतो. ३१ मार्च १९८६ रोजीं मेक्सिको देशांत एक प्रवासी विमान कोसळून १६७ माणसें मृत्यु पावलीं. तापलेल्या ब्रेकामुळें टायर आकाशांत असतांनाच फुटला होता, आणि त्या टायरमध्यें नायट्रोजनाऐवजीं साधी हवा भरलेली होती, असें चौकशींत निघालें. विमानास नायट्रोजन हवाच, तो या कारणानें. मोटारसायकलीचें चाक त्या उष्णतेच्या जवळपासही जात नाहीं.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. रिकाम्या दिसणाऱ्या टायरमध्यें वातावरणाच्या दाबाइतकी साधी हवा असतेच. तिच्यावर तीस पौंडांपर्यंत शुद्ध नायट्रोजन भरला, तर आंतील एकूण वायूचा सुमारें एक तृतीयांश भाग जुनी हवा राहते. म्हणून आंतील नायट्रोजन शंभरांत सुमारें त्र्याण्णव होतो, शंभर होत नाहीं. तो वाढवावयाचा तर टायर पुनः पुन्हां रिकामा करून भरला पाहिजे, आणि तसें करणारे दुकानदार थोडे. उलट, जो मनुष्य साधी हवाच दर पंधरवड्यास मोजून भरतो, त्याच्या टायरमधील प्राणवायु आधीं झिरपत असल्यामुळें त्याच्याही टायरांत नायट्रोजनाचें प्रमाण हळूहळू वाढतच जातें.

डनलॉप यांच्या पहिल्या चाकास दाब मोजण्याची सोय नव्हती; बोटानें दाबून पाहावयाचें, एवढाच उपाय. आज दाबमापक कोणत्याही पंपावर असतो, आणि किती दाब ठेवावा याचा आंकडा मोटारसायकलीवर किंवा तिच्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत छापलेला असतो. दाब उतरलेला टायर अधिक वांकतो, अधिक तापतो, आणि मागें मुलास किंवा म्हाताऱ्या आईस बसवून घाटांतून उतरतांना गाडी हातीं धरवत नाहीं. ज्यास परवडतें त्यानें नायट्रोजन भरावा. त्यानें कांहीं अपाय होत नाहीं. परंतु वाटेंत येडशीजवळ दाब कमी आढळला, आणि जवळ नायट्रोजन मिळत नसेल, तर हिरवें टोपण काढून पहिल्याच दुकानांत साधी हवा भरून घ्यावी. दोन्हीं मिसळल्यानें टायरास कोणतीही इजा होत नाहीं.